स्नो आणि गस्टी वारा: फोरकास्ट वाचण्यापासून ड्राईव्हवे साफ करण्यापर्यंत, कुठल्या क्रमानं काय करायचं

थंडी पडली की आपल्या ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो, "किती इंच पडणारे?" कोणी म्हणतं तीन, कोणी म्हणतं आठ, कोणीतरी जांभळा-गुलाबी नकाशा टाकतं ज्यात चौदा दिसतात, मग अर्धी मंडळी दूध-ब्रेड आणायला पळतात आणि अर्धी म्हणतात काही होत नाही हो. माझं म्हणणं एवढंच की इंच हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी वारा, मग वेळ, मग जागा, आणि मग इंच. वारा नसताना पडलेले सहा इंच म्हणजे फक्त शॉवेलिंगची कटकट आहे, पण दोन-तीन इंच आणि सोबत ४० मैलांचे गस्ट (वाऱ्याचे झटके) असतील तर हायवेवर पुढच्या ट्रकचे लाल दिवेसुद्धा दिसत नाहीत.

हे सगळं मिशिगनमधल्या नोवाय, कँटन, ट्रॉय, अ‍ॅन आर्बर या बाजूला राहणाऱ्यांसाठी आणि इथून शिकागो-नेपरव्हिलला गाडीनं जाणाऱ्यांसाठी लिहितोय. जानेवारीत संक्रांतीचे कार्यक्रम असतात, लोक आय-९४ हायवेनं येतात-जातात, आणि दरवर्षी त्याच चुका होतात.

१. पाच-सहा दिवस आधी: तारीख लक्षात ठेवा, आकडा नको

एवढ्या आधी फोरकास्टमधून घ्यायचं काय, तर "शुक्रवार-शनिवारी काहीतरी येतंय" एवढंच. फोनमधलं फुकटचं अ‍ॅप दहा दिवसांनंतरचे इंचसुद्धा बिनधास्त दाखवतं, कारण ते बहुतेक वेळा कॉम्प्युटर मॉडेलचा आकडा जसाच्या तसा उचलतं. ग्रुपवर फिरणारे नकाशे त्याच जातीचे, एका मॉडेलच्या एका रनचे, म्हणजे एका वेळच्या गणिताचे. सहा तासांनी पुढचा रन येतो, वादळ इंडियानातून ओहायोकडे सरकलेलं असतं, पण नकाशा टाकणारा ते सांगायला परत येत नाही.

शिवाय त्यातले बरेच नकाशे १ इंच पाणी म्हणजे १० इंच स्नो असं सरसकट धरून काढलेले असतात. ओला, जड स्नो असला तर एका इंच पाण्याचे ५ ते ७ इंचच होतात, आणि लेक मिशिगनवरून येणारा हलका भुसभुशीत स्नो २० इंच किंवा त्याच्याही वर जातो. म्हणजे नकाशा दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

या टप्प्यावर करायचं काम बिनखर्चाचं आहे: हॉटेल कॅन्सल होणारं घ्या, हॉल बुक केला असेल तर तारीख पुढे ढकलता येते का ते आत्ताच विचारा, आणि आई-बाबांची फ्लाईट त्याच दिवशी असेल तर एअरलाईन फुकटात बदलून देते का त्यावर लक्ष ठेवा.

२. तीन दिवस आधी: योग्य पान उघडा आणि नीट वाचा

नॅशनल वेदर सर्व्हिस, म्हणजे अमेरिकेचं सरकारी हवामान खातं, त्याची साईट वेदर डॉट गव्ह. झिप कोड टाकला की शहराचं पान येतं, पण तिथे थांबू नका, खाली नकाशावर आपल्या घराच्या जागी क्लिक करा, मग साधारण अडीच किलोमीटरच्या चौकोनाचा फोरकास्ट मिळतो. लेकच्या जवळ राहणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो, कारण तिथे पाच-सात मैलांत चित्र बदलतं.

आता वाचताना होणाऱ्या चुका.

पहिली, आणि सगळ्यात जास्त होणारी. प्रत्येक परिच्छेद साधारण बारा तासांचा असतो. "शुक्रवार रात्र, १ ते ३ इंच" वाचून लोक खूश होतात, खाली शनिवारचे ३ ते ५ आणि शनिवार रात्रीचे आणखी १ ते २ बघतच नाहीत. बेरीज करायची असते.

दुसरी, टक्के. ८० टक्के चान्स म्हणजे खूप पडणार असं नाही. त्या वेळात तुमच्या जागी मोजता येईल एवढं, म्हणजे पाण्याच्या हिशेबात एक शतांश इंच तरी पडण्याची ती शक्यता आहे. ९० टक्के चान्स आणि अर्धा इंच स्नो, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

तिसरी, वाऱ्याची दिशा. नॉर्थवेस्ट विंड म्हणजे वायव्येकडून येणारा, तिकडे जाणारा नव्हे. पाचव्या टप्प्यात याचं महत्त्व कळेल.

मग त्याच पानावरचा तासातासाचा ग्राफ उघडा. एवढी एक सवय लावलीत तरी अर्धं काम झालं. तापमान, वारा, गस्ट, स्नो सगळं एकाखाली एक दिसतं. त्यात बघायचं ते असं की गस्टची रेघ कधी वर चढते आणि स्नो कधी सुरू होतो, आणि दोन्ही एकाच वेळी किती तास आहेत. ते तास कागदावर लिहून काढा. आपला प्लॅन त्या तासांच्या आधी किंवा नंतर बसवायचा, मधे नाही.

वेळ असेल तर फोरकास्ट डिस्कशन पण वाचा. वेदर सर्व्हिसच्या आपल्या भागातल्या ऑफिसमधले फोरकास्टर त्यात साध्या गद्यात लिहितात की कशाची खात्री आहे आणि कशाची नाही. तांत्रिक शब्द खूप असतात, ते सोडून द्या, "कॉन्फिडन्स" हा शब्द जिथे येतो ती वाक्यं वाचा, पुरेसं आहे.

*चेक: एकूण इंचांची बेरीज केली? गस्ट आणि स्नो एकत्र असणारे तास लिहिले? नसतील तर पुढे जाऊ नका, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.*

३. वारा समजून घ्या, कारण तोच घात करतो

फोरकास्टमध्ये दोन आकडे असतात, सततचा वारा आणि गस्ट. "२० ते २५, गस्ट ४० पर्यंत" यातला ४० हा मैल प्रति तास, म्हणजे साधारण ६५ किलोमीटर. झटका काही सेकंदांचाच असतो, पण गाडी लेनमधून ढकलायला आणि शेतातला पडलेला स्नो उचलून रस्त्यावर आणायला तेवढे सेकंद पुरतात.

ब्लिझार्डची व्याख्या बघा: ३५ मैल किंवा त्याहून जास्त वारा किंवा वारंवार येणारे गस्ट, पडणाऱ्या किंवा उडणाऱ्या स्नोमुळे पाव मैलाच्या आत दिसणं, आणि हे तीन तास किंवा जास्त. यात इंच कुठेच नाहीत. आकाशातून काहीही पडत नसताना कालच्या स्नोनेसुद्धा ब्लिझार्ड होऊ शकतो. बफेलोला डिसेंबर २०२२ मध्ये ख्रिसमसच्या वेळी हेच झालं, लेक ईरीवरून स्नो आणि भयंकर वारा, ३७ तास सलग ब्लिझार्ड, चाळीसहून जास्त माणसं गेली, आणि त्यातली बरीच गाडीत किंवा बाहेर अडकलेली होती. बफेलो म्हणजे स्नोची सवय असलेलं शहर आहे, हे विसरू नका.

विंड चिलचं गणितही इथेच. तापमान २० फॅरनहाईट आणि वारा ३० मैल असेल तर उघड्या कातडीला ते १ फॅरनहाईट, म्हणजे उणे १७ सेल्सियससारखं लागतं. शून्य फॅरनहाईट आणि १५ मैल वारा असेल तर विंड चिल उणे १९ फॅरनहाईट, आणि तेव्हा अर्ध्या तासात कातडी गोठू शकते. मुलं बस स्टॉपवर उभी असतात तेव्हा हा आकडा बघायचा. पण पाईप किंवा गाडीच्या रेडिएटरसाठी विंड चिल लावू नका, वाऱ्यामुळे ते लवकर थंड होतात एवढंच, खऱ्या तापमानाच्या खाली जात नाहीत.

४. वॉच, अ‍ॅडव्हायजरी, वॉर्निंग

विंटर स्टॉर्म वॉच: मोठं काहीतरी होण्याची शक्यता आहे, साधारण एक-दोन दिवस आधी येतो. खरेदी, औषधं, गाडीत पेट्रोल भरणं हे वॉच आला की करायचं. वॉर्निंग आल्यावर निघालात तर पार्किंगच मिळत नाही.

विंटर वेदर अ‍ॅडव्हायजरी: वॉर्निंगएवढं नाही, पण त्रास होणार. लोक इथेच फसतात. आपल्या दक्षिण मिशिगनमध्ये स्नोच्या वॉर्निंगसाठी ढोबळमानानं १२ तासांत ६ इंच किंवा २४ तासांत ८ इंच असा हिशेब असतो, त्यामुळे ४ इंच आणि जोरदार वारा असलेला दिवस नुसत्या अ‍ॅडव्हायजरीत बसू शकतो. अ‍ॅडव्हायजरीचा मजकूर उघडून वाचा, त्यात "ब्लोइंग स्नो" आणि गस्टचा आकडा असेल तर तो दिवस वॉर्निंगसारखाच धरा.

वॉर्निंग: आता होणारच, किंवा सुरू झालंय. प्रवास रद्द, विषय संपला.

स्नो स्क्वॉल वॉर्निंग वेगळी आहे. ती छोट्या भागासाठी, अर्ध्या-एक तासाची असते, अचानक पांढरं होतं आणि रस्ता लगेच गोठतो. ती मोठी असेल तर फोन कर्कश वाजतो. विंटर स्टॉर्म वॉर्निंगला मात्र फोन आपोआप वाजत नाही, त्यामुळे "अलर्ट आला नाही म्हणजे काही नाही" असं समजू नका.

आणि जुनी विंड चिल वॉर्निंग शोधत बसू नका, ऑक्टोबर २०२४ पासून तिचं नाव एक्स्ट्रीम कोल्ड वॉर्निंग झालंय, आणि विंड चिल अ‍ॅडव्हायजरीचं कोल्ड वेदर अ‍ॅडव्हायजरी.

५. प्रवास असेल तर: घरचा नाही, रस्त्याचा फोरकास्ट

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सावकाश वाचा.

नोवायहून शिकागोला निघताना लोक दोन फोरकास्ट बघतात, नोवायचा आणि शिकागोचा. दोन्हीकडे "अंशतः ढगाळ, वारा" असतं, आणि मधल्या दीडशे मैलांत काय आहे हे कोणी बघत नाही. खरा स्नो तिथेच असतो. लेक मिशिगनचं पाणी डिसेंबर-जानेवारीतही वरच्या हवेपेक्षा खूप उबदार असतं, त्याच्यावरून कॅनडाची गार कोरडी हवा आली की ती खालून तापते, ओलावा घेते आणि पलीकडच्या किनाऱ्यावर पट्ट्यापट्ट्यांनी स्नो टाकते. पाण्याचं तापमान आणि साधारण पाच हजार फुटांवरच्या हवेचं तापमान यात १३ डिग्री सेल्सियस किंवा जास्त फरक असला की हा "लेक इफेक्ट"चा कारखाना सुरू.

कुठे पडणार हे वारा ठरवतो. पश्चिमेकडून आला तर कॅलमझू, ग्रँड रॅपिड्स या बाजूला. वायव्येकडून आला तर बेंटन हार्बर, साऊथ बेंड, मिशिगन सिटी. सरळ उत्तरेकडून आला तर इंडियानाचा वायव्य कोपरा आणि कधीकधी शिकागोसुद्धा. थंड फ्रंट (गार हवेची आघाडी) जाताना वारा नैऋत्येकडून फिरून वायव्येकडे वळतो आणि तेव्हाच गस्ट वाढतात, म्हणून फ्रंट गेल्यावर "वादळ संपलं" म्हणून निघणारे नेमके लेक इफेक्टच्या पट्ट्यात शिरतात.

आय-९४ वर हे किती वाईट होऊ शकतं ते ९ जानेवारी २०१५ ला दिसलं, कॅलमझूच्या पूर्वेला १९३ गाड्या एकमेकांवर आदळल्या आणि त्यात फटाके भरलेला ट्रक पेटला.

तर करायचं असं:

पहिलं, रस्त्यावरच्या काउंटींची यादी काढा. वॉशटनॉ, जॅक्सन, कॅल्हून, कॅलमझू, व्हॅन ब्युरेन, बेरिअन, मग इंडियानात लापोर्ट, पोर्टर, लेक, आणि शेवटी इलिनॉयची कुक.

दुसरं, हा रस्ता वेदर सर्व्हिसच्या चार ऑफिसांच्या हद्दीतून जातो: डेट्रॉईट, ग्रँड रॅपिड्स, नॉर्दर्न इंडियाना आणि शिकागो. बेरिअन मिशिगनमध्ये असली तरी तिचा फोरकास्ट नॉर्दर्न इंडियाना ऑफिस देतं. एका ऑफिसच्या पानावर पुढच्याची वॉर्निंग दिसेलच असं धरून चालू नका, नकाशावर बोट फिरवत प्रत्येक भागावर क्लिक करा.

तिसरं, घड्याळ. बेरिअनपर्यंत ईस्टर्न, लापोर्टपासून सेंट्रल. "संध्याकाळी ७ पर्यंत वॉर्निंग" हे त्या काउंटीच्या वेळेप्रमाणे असतं. तुमच्या मिशिगनच्या घड्याळात ते आठ.

चौथं, निघायच्या तासभर आधी रडार आणि मिशिगनच्या एमआय ड्राईव्ह साईटवरचे कॅमेरे बघा. कॅमेऱ्यात रस्त्याची पांढरी रेघ दिसत नसेल तर कुठलाही फोरकास्ट काय म्हणतो याला अर्थ नाही.

*सावध: "हळू चालवू की" हा प्लॅन नाही. तुम्ही हळू चालवाल, मागचा सेमी ट्रक नाही चालवणार.*

६. आदल्या दिवशी, घर

क्रम असा ठेवा की अंधार पडायच्या आत बाहेरची कामं संपतील.

आधी घराला एक फेरी मारा आणि भिंतीतून बाहेर आलेले पांढरे प्लास्टिकचे पाईप शोधा. नव्या घरांत फर्नेसची हवा तिथूनच आत-बाहेर जाते. वाऱ्यानं त्या भिंतीशी स्नोचा ढीग झाला तर पाईप बुजतो, मग एकतर फर्नेस बंद पडतो किंवा घरात कार्बन मोनॉक्साईड येऊ शकतो. त्याच्या समोर कचऱ्याचा डबा, खुर्ची, ग्रिल काही ठेवू नका, आणि वादळात दर काही तासांनी बघून या. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म बटण दाबून आजच तपासा.

कचऱ्याचे डबे गॅरेजमध्ये. गस्ट ४५ च्या वर असतील तर लाईट जाणार असं धरूनच चाला: फोन आणि पॉवर बँक चार्ज, लहान बाळ असेल तर दुधासाठी गरम पाणी थर्मासमध्ये, बाहेरच्या भिंतीवरच्या सिंकखालचं कपाट उघडं आणि नळ बारीक ठिबकता. बाहेरगावी असाल तरी थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाईटच्या खाली नको.

लाईट गेल्यावर गॅसची शेगडी पेटवून घर गरम करायचं नाही, कोळशाची शेगडी किंवा ग्रिल आत आणायची नाही. जनरेटर घरापासून २० फूट लांब, गॅरेजचं दार उघडं ठेवून आत लावणं चालत नाही.

७. गाडी

टाकी निम्म्याच्या वर. ईव्ही असेल तर पूर्ण चार्ज, थंडीत रेंज बरीच घटते. तापमान १० फॅरनहाईटनं खाली आलं की टायरची हवा साधारण १ पीएसआय कमी होते, म्हणून थंड टायरवर मोजा. वॉशर फ्लुईड उन्हाळी नको, उणे २० फॅरनहाईटचं भरा, नाहीतर ट्रकनं उडवलेला चिखल काचेवर बसतो आणि वरून मारलेलं पाणी तिथेच गोठतं.

डिकीत: शॉवेल, स्क्रेपर, ब्लँकेट, टॉर्च, चार्जर, वाळू किंवा मांजराच्या लिटरची पिशवी, आणि खायला थालीपिठापेक्षा चिवडा, डिंकाचे लाडू, म्हणजे टिकणारं. पाणी डिकीत गोठतं, ते आत ठेवा.

मुलांना जाड फुगीर जॅकेट घालून कार सीटमध्ये बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो पण धडकेत जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. पट्टा बांधा, मग जॅकेट वरून उलटं पांघरा.

निघण्याआधी छतावरचा स्नो पूर्ण काढा. खिडकीएवढं भोक पाडून निघणाऱ्यांचा तो गठ्ठा हायवेवर मागच्याच्या काचेवर येतो.

८. रस्त्यावर सापडलातच तर

हेडलाईट हातानं लावा. दिवसा आपोआप लागणाऱ्या दिव्यांत बऱ्याच गाड्यांचे मागचे लाल दिवे लागत नाहीत, आणि पांढऱ्या झालेल्या हवेत तुम्ही मागच्याला दिसतच नाही. हाय बीम नको, क्रूझ कंट्रोल बंद, स्नोप्लाऊला (रस्त्यावरचा स्नो बाजूला ढकलणाऱ्या ट्रकला) ओव्हरटेक करायचं नाही. पुढे काही दिसेनासं झालं तर लेनमध्ये थांबू नका, जवळचा एक्झिट घ्या आणि पेट्रोल पंपावर बसून राहा, कितीही वेळ लागला तरी.

गाडी रुतली तर गाडीतच राहा. आधी एक्झॉस्ट पाईपभोवतीचा स्नो काढा, मगच इंजिन सुरू करा, तासाला दहा मिनिटं, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी. वारा सुटलेला असेल तर पाईप पुन्हा बुजतो, प्रत्येक वेळी इंजिन लावायच्या आधी बघायचं.

९. थांबल्यावर, शॉवेलिंग

आठ इंच पडू द्यायचे आणि मग काढायचे, हे करू नका. तीन-तीन इंचांवर एकदा काढा. ढकला, उचलू नका. वाऱ्याच्या दिशेनं टाका, नाहीतर तुमचाच स्नो तोंडावर येतो. इंडियाहून आलेले बाबा "मी करतो, तेवढाच व्यायाम" म्हणतील, त्यांना शॉवेल देऊ नका. थंडीत अचानक जोर लावल्यावर हार्ट अ‍ॅटॅक येणारी माणसं दर हिवाळ्यात असतात. स्नोब्लोअरच्या तोंडात स्नो अडकला तर इंजिन बंद करून काठीनं काढा, हात घालू नका, बंद असतानाही ब्लेडमध्ये ताण उरलेला असतो आणि बोटं जातात.

प्लाऊ येऊन ड्राईव्हवेच्या तोंडावर बांध घालून जातो त्याचा राग सगळ्यांना येतो. रस्त्याकडे तोंड करून उभे राहा, तुमचा स्नो उजव्या हाताला टाका, आणि डाव्या हाताला ड्राईव्हवेच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला थोडी मोकळी जागा करा. प्लाऊ डावीकडून येतो, त्याच्या पात्यावरचा ढीग त्या खळग्यात पडतो आणि तुमच्या तोंडाशी बराच कमी उरतो. स्नो रस्त्यावर ढकलू नका, मिशिगनमध्ये ते बेकायदेशीर आहे.

मीठ टाकण्याआधी रात्रीचं तापमान बघा. साधारण १५ फॅरनहाईटच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही, तिथे कॅल्शियम क्लोराईड घ्या किंवा नुसती वाळू टाका, निदान पाय घसरणार नाही. मेलबॉक्सच्या दोन्ही बाजूंचा स्नो काढा, आणि घरासमोर फायर हायड्रंट असेल तर त्याच्याभोवती तीन फूट जागा मोकळी करा.